खोट कोणी मोजायची?

वस्तूत खोट असणे आणि व्यवहार खोटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या हातून घडणाऱ्या वस्तूत खोट राहणारच. विणकराच्या थानात एखादा धागा सुटतो, कुंभाराच्या शंभर मडक्यांत एखादे कच्चे निघते. त्याबद्दल कोणी विणकराला किंवा कुंभाराला बेइमान म्हणत नाही. प्रश्न उभा राहतो तो खोट कळल्यानंतर. विकणाऱ्याला ती कळली, घेणाऱ्याला अजून कळलेली नाही, अशा वेळी ती खोट लहान की मोठी, सांगण्याजोगी की सोडून देण्याजोगी, हे कोणी ठरवायचे?

हा प्रश्न बाजार जितका जुना तितकाच जुना आहे. परंतु आपल्या काळात त्याला एक नवे रूप आले आहे. कारखान्यातून लाखो नग बाहेर पडतात, देशोदेशी जातात, घराघरांत पोहोचतात आणि मग एके दिवशी कंपनी जाहीर करते की त्या मालात दोष आहे, तो परत आणा. संगणकाच्या क्षेत्रात असे अनेकदा घडले आहे. एका कंपनीच्या दोन प्रसंगांचा विचार येथे करू. दोन्ही प्रसंगांची सर्वत्र पुष्कळ चर्चा झाली. त्यातील नफा-नुकसानीचा हिशेब अर्थतज्ज्ञांनी मांडला आहेच. मला त्यातील नीतीचा हिशेब मांडायचा आहे.

पहिला प्रसंग १९९४ सालचा. इंटेल या अमेरिकन कंपनीची 'पेंटियम' नावाची चिप नुकतीच बाजारात आली होती. चिप म्हणजे संगणकाचा मेंदू, सारी आकडेमोड तिथेच होते. व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ते जोडमूळ संख्यांवर, म्हणजे ११ आणि १३ किंवा १७ आणि १९ अशा दोनच्या अंतराने येणाऱ्या मूळ संख्यांवर, काम करीत होते. त्यांच्या उत्तरांत कुठेतरी गफलत येऊ लागली. त्यांनी आधी आपला प्रोग्राम तपासला, मग इतर यंत्रांवर तेच गणित करून पाहिले. काही महिने खपल्यावर त्यांची खात्री पटली की चूक त्यांची नव्हे, चिपचीच आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांनी कंपनीला विचारले आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्याने महिनाअखेर आपल्या ओळखीच्या काही अभ्यासकांना पत्र लिहिले. तेथून ही गोष्ट जगभर झाली.

दोष काय होता? आम्ही शिक्षक मंडळी तो फळ्यावर समजावू शकू इतका तो सोपा आहे. भागाकार झटपट व्हावा म्हणून चिपमध्ये एक कोष्टक भरलेले असते, आपल्या लॉग टेबलच्या पुस्तकासारखे. त्या कोष्टकात १०६६ नोंदी हव्या होत्या. त्यांपैकी ५ नोंदी भरायच्या राहून गेल्या. नेमक्या त्या रिकाम्या घरांशी गाठ पडली की उत्तर चुकायचे. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागा. बरोबर उत्तर १.३३३८२ च्या आसपास येते. ही चिप १.३३३७३ च्या आसपास सांगायची. चौथ्या दशांश स्थळावर चूक. आता भागाकाराचा ताळा घेण्याची शाळेतली रीत वापरा: आलेल्या उत्तराला भाजकाने गुणा आणि भाज्यातून वजा करा. शून्य उरायला हवे. या चिपवर २५६ उरायचे.

कंपनीला हा दोष प्राध्यापकांच्या पत्राआधीच, १९९४ च्या उन्हाळ्यात, स्वतःच्या चाचण्यांत सापडला होता. पुढील उत्पादनात तो दुरुस्त करायचे ठरले. जी विकली गेली होती त्यांच्याविषयी मात्र गप्प राहायचे ठरले. गोष्ट बाहेर आल्यावर कंपनीने आपला हिशेब मांडला. तिचे म्हणणे असे की, अशी चूक नऊ अब्ज भागाकारांत एकदा होते आणि सर्वसाधारण माणसाला ती २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल. म्हणून ज्यांना खरोखरच अवघड गणिते करावी लागतात त्यांनी तसे पटवून द्यावे, आम्ही त्यांची चिप बदलून देऊ. थोडक्यात, ग्राहकाने आधी आपली गरज सिद्ध करावी.

१२ डिसेंबर १९९४ रोजी आयबीएम कंपनीने ही चिप बसवलेल्या आपल्या संगणकांची विक्री थांबवली. तिने वेगळा हिशेब मांडला: रोज हिशेबाचे तक्ते करणाऱ्या माणसाला ही चूक २४ दिवसांतून एकदा भेटू शकते. कुठे २७ हजार वर्षे आणि कुठे २४ दिवस! चिप तीच, चूक तीच. फरक होता तो गृहीत धरलेल्या माणसात. एकाने गृहीत धरलेला माणूस क्वचितच भागाकार करीत होता, दुसऱ्याचा दिवसभर करीत होता. आयबीएमही काही निरिच्छ साक्षीदार नव्हती. तिची स्वतःची प्रतिस्पर्धी चिप बाजारात होती. म्हणजे दोन्ही आकडे विकणाऱ्यांनीच काढलेले होते. ज्याच्या टेबलावर ते यंत्र होते, त्याला कोणीच विचारले नव्हते.

अखेर २० डिसेंबर रोजी इंटेलने जाहीर केले की जो मागेल त्याला कारण न विचारता चिप बदलून मिळेल. वर्तमानपत्रांतून माफीही मागितली. यापोटी कंपनीने ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भार आपल्या हिशेबात धरला. यातील सर्वांत बोलकी गोष्ट पुढेच घडली. कारण न विचारता चिप मिळू लागल्यावर ती बदलून घ्यायला फार थोडे घरगुती ग्राहक आले. बहुतेकांनी तीच चिप ठेवली.

हे वाचून कोणी म्हणेल की पाहा, कंपनीचेच खरे होते, लोकांना त्या चुकीचे काही वाटत नव्हते. मला यातून उलट अर्थ दिसतो. लोकांना चिपपेक्षा हक्क हवा होता. 'तुझ्या कामाला ही चालेल' असे दुसऱ्याने सांगणे आणि 'माझ्या कामाला ही चालेल' असे आपण म्हणणे, या दोहोंत वस्तू बदलत नाही, माणसाचा मान बदलतो. पहिल्या वाक्यात ग्राहक हा विकणाऱ्याच्या वहीतला एक सरासरी आकडा असतो. दुसऱ्या वाक्यात तो आपल्या पैशाचा आणि आपल्या कामाचा मालक असतो.

आपल्याकडच्या फिक्हच्या ग्रंथांत या हक्काला नाव आहे. 'खियार-ए-ऐब'. खियार म्हणजे निवड करण्याचा अधिकार आणि ऐब म्हणजे दोष. हा ऐब शब्द आपल्या मराठीतही रुळलेला आहे. सौदा होताना वस्तूत आधीपासून दोष होता आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नव्हता, तर कळल्यावर वस्तू परत करायची की तशीच ठेवायची हे घेणाऱ्याने ठरवायचे, असा हा नियम आहे. मदरशांत शिकणारी मुले घोडा, गुलाम, कापड अशा जुन्या उदाहरणांनी तो शिकत आली. उदाहरणे जुनी झाली तरी नियमाची बांधणी आजच्या संगणकालाही लागू पडावी अशी आहे.

या बांधणीत एक बारकावा आहे. त्याकडे लक्ष दिले नाही तर ग्राहकाचा हक्क म्हणजे ग्राहकाची मनमानी असा समज होईल. ऐब कशाला म्हणावे? हनफी फिक्हनुसार, जाणत्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ज्या उणिवेमुळे वस्तूची किंमत उतरते, ती ऐब. उस्मानी राजवटीत एकोणिसाव्या शतकात 'मजल्ला' नावाने जी दिवाणी कायद्याची संहिता तयार झाली, तिच्यातही अशीच व्याख्या आहे. म्हणजे दोष आहे की नाही हे ना विकणारा ठरवतो ना घेणारा. ते त्या मालाची जाण असलेले तिसरेच लोक ठरवतात. पण दोष आहे असे एकदा ठरल्यावर पुढचा निर्णय, ठेवायची की परत करायची, हा एकट्या घेणाऱ्याचा. १९९४ च्या प्रसंगात हे दोन टप्पे एकात मिसळले गेले. भागाकार चुकतो हे जाणकारांनी सिद्ध केलेच होते. पुढचा टप्पा ग्राहकाचा होता. तो कंपनीने आपल्याकडे ठेवला.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील धान्याच्या ढिगाचा प्रसंग आपल्या घरांत लहानपणापासून सांगितला जातो. बाजारातून जाताना त्यांनी एका ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी विचारले की भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. या प्रसंगात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पाऊस पडला यात विक्रेत्याचा दोष नव्हता आणि ओले धान्य विकू नको असेही त्याला म्हटले गेले नाही. ओल वर ठेव, एवढेच म्हटले गेले. ओले धान्यही कोणाच्या तरी उपयोगाचे असते. ते त्याने पाहून, त्या भावाने घ्यावे.

धान्याच्या ढिगात हात घालता येतो. पेंटियम चिपमध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते, तिथे कोणाचा हात पोहोचणार? 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे' हा नियम डोळ्यांना दिसणाऱ्या मालापुरता ठीक आहे. डोळ्यांनाच न दिसणाऱ्या मालाच्या बाबतीत घेणाऱ्यापाशी विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज दुसरे साधन नसते. म्हणून वस्तू जितकी गुंतागुंतीची, तितके विकणाऱ्यावरचे सांगण्याचे ओझे वाढत जाते. ते कमी होत नाही.

आता दुसरा प्रसंग. कंपनी तीच, वर्ष २०११. जानेवारीत इंटेलचे नवे प्रोसेसर आले आणि त्यांच्यासाठी नवी चिपसेटही आली. चिपसेट म्हणजे मदरबोर्डावरील ती चिप, जी प्रोसेसर, हार्ड डिस्क वगैरे भागांचा एकमेकांशी संबंध जोडून देते. ३१ जानेवारी २०११ रोजी कंपनीने स्वतःच जाहीर केले की या चिपसेटमध्ये दोष आहे. हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह जोडण्यासाठी सहा जागा असतात. त्यांपैकी वेगवान दोन जागा निर्दोष होत्या. उरलेल्या चार जागा काळ जाईल तशा कमजोर पडण्याचा संभव होता. त्या दिवशी कोणाचेही यंत्र बंद पडलेले नव्हते. बिघाड व्हायचाच तर तो पुढील काही वर्षांत, तोही काही यंत्रांतच झाला असता. तरीही कंपनीने पुरवठा थांबवला. दुरुस्ती आणि बदलीसाठी ७० कोटी डॉलर आणि बुडालेल्या विक्रीचे ३० कोटी डॉलर असा अंदाज तिने त्याच दिवशी सांगून टाकला.

आठवडाभराने, ७ फेब्रुवारीला, कंपनीने आणखी एक निर्णय जाहीर केला. ज्या उत्पादकांच्या यंत्रांत त्या चार जागा वापरल्याच जाणार नाहीत, उदाहरणार्थ दोनच जागा लागणारे लॅपटॉप, त्यांना हीच दोषयुक्त चिपसेट पुन्हा देण्यास तिने सुरुवात केली. वरवर पाहता हे १९९४ सारखेच वाटते. तेव्हाही कंपनी म्हणत होती की तुमच्या कामाला ही चालेल. पण आता घेणाऱ्या उत्पादकाला दोष कोणता, कुठे, किती, हे सारे माहीत होते. घ्यायचे की थांबायचे हे तो ठरवू शकत होता. यावेळी ओले धान्य ढिगाच्या वर होते. माल सदोष असूनही सौदा स्वच्छ राहू शकतो, हे या दोन प्रसंगांच्या तुलनेतून कळते.

येथवर मोठ्या कंपन्यांचे झाले. पण कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये एक लांब साखळी असते. मदरबोर्ड बनवणारा, आयातदार, घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि सुटे भाग जोडून संगणक तयार करून देणारा कारागीर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ही साखळी एका गल्लीत पाहायला मिळते. २०११ च्या प्रसंगात जगभरच्या अशा बाजारांत एक विचित्र कोंडी झाली. नवे प्रोसेसर निर्दोष होते. पण त्यांची बैठक नवी असल्याने ते जुन्या बोर्डांवर बसत नव्हते आणि नवे बोर्ड विकणे थांबले होते. प्रोसेसर दुकानात पडून राहिले. पुढे दुरुस्त चिपसेटचे बोर्ड आले, तेव्हा खोक्यांवर 'बी ३' अशी खूण छापावी लागली, कारण ग्राहक आधी तेच विचारू लागला होता.

या साखळीतील लहान दुकानदाराची बाजू समजून घेतली पाहिजे. दोष त्याने घडवलेला नाही. बोर्ड कंपनी बदलून देईल, पण अडकलेल्या भांडवलाचे व्याज कोण देईल? संगणक उघडायचा, भाग काढायचा, नवा बसवायचा, ग्राहकाची माहिती सांभाळून पुन्हा सारे लावून द्यायचे, या मजुरीचे काय? आणि ग्राहक रागावतो तो दूरच्या कंपनीवर नव्हे, समोर बसलेल्या माणसावर. अशा वेळी मनात एक विचार येणे स्वाभाविक आहे: या गिऱ्हाइकाला एक हार्ड डिस्क आणि एक डीव्हीडी ड्राइव्ह, दोनच जागा लागतात. त्या दोन तर चांगल्या आहेत. मग सांगायचे कशाला?

हा विचार तपासून पाहावा. १९९४ मध्ये इंटेलने केला तोच हा विचार आहे, फक्त गल्ल्याच्या आकाराचा. गिऱ्हाइकाला आज दोन जागा लागतात हे दुकानदाराला माहीत आहे. उद्या मुलीच्या लग्नाचे चित्रीकरण साठवायला तो आणखी एक डिस्क घेईल की नाही, हे त्याला माहीत नाही. माहीत असण्याचे कारणही नाही. म्हणूनच तो निर्णय त्याच्या हातात असू नये. तो सांगू शकतो: साहेब, असा असा दोष आहे, तुमच्या आजच्या कामाला अडचण नाही, बदलून हवा तर पंधरा दिवस थांबा, असाच हवा तर घेऊन जा. एवढ्या चार वाक्यांत त्याची जबाबदारी पार पडते. भारताच्या कायद्यानेही पुढे हीच रेघ ओढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूच्या दोषाची जबाबदारी मुख्यतः उत्पादकावर टाकली आहे. परंतु उत्पादकाने दिलेला धोक्याचा इशारा विक्रेत्याने ग्राहकापर्यंत पोहोचवला नाही आणि त्यातून हानी झाली, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. सदोष आणि धोकादायक माल परत घेण्याचा आदेश देण्याचे अधिकार त्याच कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिले आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. लाखो-कोट्यवधी ट्रान्झिस्टरांच्या वस्तूत एकही दोष नाही असे कधीच होत नाही. प्रत्येक बारीकसारीक दोषासाठी माल परत बोलावायचा म्हटले तर कारखाने बंद पडतील आणि जी वस्तू आज शिक्षकाच्या पगारात येते ती उद्या येणार नाही. आक्षेप खरा आहे. पण तो दोन गोष्टी एकत्र करतो: सांगणे आणि परत घेणे. परत घेण्याला मोठा खर्च आहे, म्हणून तेथे तारतम्य हवे. जिवाला धोका असेल तर तारतम्याचा प्रश्नच येत नाही. २००६ साली सोनीच्या बॅटऱ्या पेट घेऊ शकतात असे दिसल्यावर डेल कंपनीने ४१ लाख आणि अॅपलने १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, ते योग्यच झाले. दोष क्षुल्लक असेल तर परत न घेणेही न्याय्य ठरू शकेल. सांगण्याला मात्र खर्च नाही. असलाच तर तो अब्रूचा आहे आणि अब्रू वाचवण्यासाठी गप्प राहिल्यास ती अधिक जाते, हे १९९४ ने दाखवून दिले. आज चिप बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मालातील ज्ञात दोषांच्या याद्या स्वतःहून प्रसिद्ध करतात. व्यापार त्यामुळे थांबलेला नाही.

प्रश्न जुना झालेला नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त विद्युतदाब मागत होते आणि हळूहळू झिजत होते. कंपनीने या वेळी माल परत बोलावला नाही. दुरुस्तीचा प्रोग्राम दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तो प्रोग्राम पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढीत नाही. हे पुरेसे होते की नाही यावर मतभेद होतील. माझ्या मते कसोटी हीच लावावी: ज्याच्या यंत्रात तो प्रोसेसर आहे, त्याला आपल्या मालाची खरी स्थिती कळली का आणि कळल्यावर त्याच्या हातात खरोखरीची निवड उरली का?

आता ग्राहकाकडे वळू, कारण आतापर्यंत तो या लेखात फक्त हक्कदार म्हणून वावरला आहे. सातवीच्या वर्गात नफा-तोट्याची उदाहरणे शिकवताना आम्ही खरेदीची किंमत सांगतो, विक्रीची किंमत सांगतो. कोणत्याही उदाहरणात असे लिहिलेले नसते की विकणाऱ्याला वस्तूतील खोट माहीत होती. त्यामुळे मुलांना आज विकत घेणारा आणि उद्या विकणारा ही दोन वेगळी माणसे वाटतात. प्रत्यक्षात ती एकच असतात. कंपनीने दोष जाहीर केला, बदलून देण्याची तयारीही दाखवली. पण बिल सापडत नाही, दुकान दूर आहे, यंत्र आठवडाभर नसेल तर काम अडते. अशा वेळी सोपी वाट म्हणजे ते यंत्र जुन्या बाजारात विकून टाकणे. घेणारा बहुधा आपल्यापेक्षा गरीब असतो. कॉलेजात नुकताच गेलेला मुलगा, शिवणकामाबरोबर डेटा एंट्री करू पाहणारी बाई. नवे घेऊ शकत नाहीत म्हणूनच ते जुने घेतात. दोषाची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते आणि दोष मात्र पोहोचतो.

कंपनीला आपण जो प्रश्न मोठ्या आवाजात विचारतो, तो येथे आपल्यालाच विचारावा लागतो. ऐब कळल्यानंतरही जो वस्तू मालकासारखी वापरत राहतो, त्याने तो ऐब स्वीकारला असे फिक्ह मानते. मग त्याचा परत करण्याचा हक्क संपतो. पण पुढच्या माणसाला सांगण्याचे कर्तव्य संपत नाही. हनफी मतानुसार 'आहे त्या स्थितीत, दोषांची हमी नाही' असे आधी ठरवून वस्तू विकता येते. मात्र ही सवलत न्यायालयातल्या दाव्यापुरती आहे. माहीत असलेला दोष दडवण्याचे पाप त्या वाक्याने धुतले जात नाही. आपल्या अनेक शाळांना, वसतिगृहांना जुने संगणक देणगीत मिळतात. देण्याची भावना चांगलीच असते. पण दान दिले म्हणून खोट सांगण्यातून सुटका होत नाही. उलट घेणारा दानाच्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायला संकोचतो, म्हणून देणाऱ्याने न विचारता सांगायला हवे.

इमाम अबू हनीफा हे कापडाचे व्यापारी होते, हे आपण जाणतोच. त्यांची एक गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. त्यांनी आपल्या भागीदाराकडे विक्रीसाठी कापड पाठवले आणि त्यातील एका कापडात ऐब आहे, तो गिऱ्हाइकाला सांगून विक, असे कळवले. भागीदार सांगायला विसरला. गिऱ्हाईक कोण, कुठला, हेही आठवेना. इमामसाहेबांनी त्या मालाची आलेली सारी रक्कम दान करून टाकली. नुसता नफा नाही, किंवा खोटीपुरती घट नाही, सारी रक्कम. हा हिशेब व्यापारी माणसाला जड वाटेल. पण ते व्यापारीच होते आणि हिशेब चांगला जाणत होते. खोट किती रुपयांची होती हे ठरवण्याचा हक्क त्या न सापडलेल्या गिऱ्हाइकाचा होता. तो हक्क आपण वापरू नये, म्हणून त्यांनी संपूर्ण किंमत सोडली, असा मी या गोष्टीचा अर्थ लावतो.

सर्वांना इमामसाहेबांच्या उंचीवर जाता येणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. आपल्या आवाक्यातल्या गोष्टी साध्या आहेत. दुकानदाराने नगाचा क्रमांक बिलावर लिहावा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ठेवावा, म्हणजे उद्या दोष निघाला तर त्याला शोधता येईल. गिऱ्हाइकाने ते बिल जपावे आणि यंत्र पुढे विकताना तेही सोबत द्यावे. आणि खोट माहीत असेल तर तिच्यासाठी बिलावर एक ओळ असावी: अमुक दोष सांगितला, ऐकला, भाव त्याप्रमाणे ठरला. खाली दोघांच्या सह्या. खोट मोजण्याचे काम मग ज्याचे त्याच्याकडे राहील.